जिवंतपणीची आंघोळ

"पेशंटला भावंडं किती?" रक्तपेढीतल्या हेब्बाळकर मॅडमनी विचारलं.

"एकटाच हाय," आत्या म्हणाली. उत्तर द्यायला तिनं जराही वेळ लावला नाही.

मी तिच्या शेजारीच उभी होते. हौसाबाई माझी आत्या आणि सासूही. आमच्याकडे मामाची पोरगी आतेभावाला द्यायची हे पोर पाळण्यात असतानाच ठरतं. तशी मी जयसिंगरावांना दिली गेले. दोन्ही नात्यांनी ती माझ्या डोक्यावर बसलेली, त्यामुळे तिच्यापुढे तोंड उघडायची सवय मला नव्हती.

"सख्खं, चुलत, कुणीच नाही?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"चुलतभाऊ हाईत की. हे काय." आत्यानं हिंदुरावांकडे हात केला. हिंदुराव म्हणजे माझे चुलत दीर, गावचे माजी उपसरपंच. त्यांनी सकाळीच जीप भरून गावातली पोरं आणली होती. सगळी ओ गटाची. ग्रामपंचायतीच्या शिबिरात त्यांचे गट तपासलेले होते, आणि ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं हे हिंदुराव वाटेत भेटेल त्याला ऐकवत आले होते. पोरं व्हरांड्यातल्या बाकावर बाह्या वर करून बसली होती.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तीन दिवसांपासून पोटातून रक्तस्राव होत होता. अल्सर फुटलेला. आधी शी काळी झाली तेव्हा उष्णता म्हणून ताकावर भागवलं. मग अंगणात रक्ताची उलटी झाली आणि घर हललं. तालुक्याच्या दवाखान्यात ओ गटाची बाटली लावली तर थोडं रक्त आत जातंय तोवर हे थडथडा उडायला लागले, कंबर धरून ओरडले. तिथल्या डॉक्टरनं बाटली ओढून काढली आणि म्हणाला, मला काही समजत नाही, मिरजेला न्या.

मिरज. आमच्या घरात या गावाचं नाव बारा वर्षं कुणी घेत नव्हतं. डोळ्याचं, हाडाचं, बाळंतपणाचं, काहीही असलं तरी आम्ही मिरज ओलांडून कोल्हापूरला जायचो. एस.टी. मिरजेच्या स्टँडवर थांबली की आत्या पदर डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग करायची. त्या दिवशी मात्र कोल्हापूरपर्यंत हे टिकले नसते.

मॅडम आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. चेहरा उतरलेला. हातात काचेच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी त्या खिडकीतल्या उजेडात धरल्या.

"हे बघा. पेशंटच्या रक्तातलं पाणी आणि या मुलांच्या पेशी एकत्र केल्या. एकूणएक सगळ्यांच्या."

पट्टीवर नासलेल्या दुधासारखं झालं होतं. लाल कण गठ्ठे करून वेगळे पडलेले.

"म्हंजी?" हिंदुरावांनी विचारलं.

"म्हणजे यांचं रक्त त्या पेशींना मारतंय. प्रत्येकाच्या रक्तपेशीवर खुणा असतात. ए वाल्यावर एक, बी वाल्यावर दुसरी. आपल्या अंगात जी खूण नाही ती दिसली की अंग तिला परकं समजतं आणि तुटून पडतं. ओ वाल्यावर या दोन्ही खुणा नसतात म्हणून ते सगळ्यांना चालतं. पण ओ वाल्यावरही खालची एक साधी खूण असतेच. तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, जवळजवळ सगळ्या माणसांवर आहे. यांच्यावर तीसुद्धा नाही."

"मग?"

"मग यांच्या अंगाला सगळं जगच परकं आहे. वरवर तपासलं की हे ओ दिसतात, पण ओ नाहीत. यांना फक्त यांच्यासारख्याचंच चालेल. असा माणूस दहा हजारांत एखादा असतो." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का?"

आत्याची मान ताठ झाली. "तर! माझं आतेभावाशी, माझ्या सासूचं तिच्या आतेभावाशी. आमच्यात भायेरचं रगात येतच न्हाई."

हे वाक्य ती लग्नकार्यात, बारशात, भांडणात, सगळीकडे याच तोऱ्यात म्हणायची. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला पट्टीवरचे ते गठ्ठे बघून आपोआप कळलं.

"मुंबईला फोन केलाय," त्या म्हणाल्या. "तिथे अशा लोकांची नावं असतात. पण रक्त इथे पोचायला उद्याची संध्याकाळ होईल. तोवर हे टिकायचे कसे हा प्रश्न आहे. सख्खं भावंड असतं तर चारात एक तरी आशा होती. म्हणून विचारत होते."

आत्या जमिनीकडे बघत होती. हिंदुराव माझ्याकडे बघत होते, आणि नजर साधी नव्हती. आत कॉटवर माझा नवरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. सकाळपासून त्यानं मला ओळखलं नव्हतं.

"बहीण आहे," मी म्हणाले.

"सुभे!" आत्या ओरडली.

"सख्खी बहीण आहे, मॅडम. मालन. याच गावात राहते, स्टेशनच्या रस्त्याला."

"ती मेली!" आत्या मॅडमकडे वळली. "हिचं डोकं फिरलंय. पोरगी बारा वर्सांमागं गेली. आमी आंगुळ केलीया तिच्या नावानं."

"वारल्या? कशानं?" मॅडमनी विचारलं.

"कशानं नाही," मी म्हणाले. "जिवंत आहे."

मॅडम बेळगावकडच्या, शहरात वाढलेल्या. त्यांना हे कसं सांगावं? आमच्या भागात घरातलं माणूस गेलं की सगळे डोक्यावरून पाणी घेतात. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं तर काही घरं ती जिवंत असतानाच तिच्या नावानं तशी आंघोळ करतात. मग ती मेलीच. तिचं नाव घ्यायचं नाही, वाट बघायची नाही, भावंडं मोजताना ती धरायची नाही. आमच्या विहिरीवर पहिला तांब्या यांनी ओतून घेतला होता, दुसरा आत्यानं. मी नवी नवरी होते. तिसरा तांब्या माझ्या हातात दिला गेला आणि मीही ओतून घेतला.

"मला हे काही ऐकायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "जिवंत असेल तर आणा."

"कुणी जायाचं न्हाई," हिंदुराव म्हणाले.

मी चपला घातल्या आणि जिना उतरले.

मालनचं घर शोधायला त्रास पडला नाही. 'ऐवळे ब्रास बँड' ही पाटी रिक्षावाल्याला माहीत होती. दारात दोरीवर लाल कोट वाळत होते, सोनेरी झालरीचे. मालन ओट्यावर बसून एका कोटाची बटणं लावत होती. ती माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. चिंचेखाली आम्ही एका फडक्यात भाकरी बांधून नेलेल्या. माझ्या लग्नात हा बँड आला होता, आणि पोपट ऐवळे क्लॅरिनेट वाजवत होता. सगळं वऱ्हाड नवरीकडे बघत असताना ही त्याच्याकडे बघत होती. चार महिन्यांनी पळून गेली.

तिनं मान वर केली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण तसं दाखवलं नाही.

"कोन पायजे?"

"मालन, मी सुभी."

"सुभी कोन? मी मेल्याली बाई. मला जित्ती मानसं वळखू येत न्हाईत."

"तुझा भाऊ मरायला टेकलाय."

दोरा दातांनी तोडताना ती थांबली. मी सगळं सांगितलं, भडाभडा, उलटसुलट. खुणा, पट्टी, गठ्ठे, चारात एक. तिला किती कळलं कोण जाणे. शेवटचं तेवढं कळलं.

आतून पोपट बाहेर आला. बारा वर्षांपूर्वी देखणा होता. आता वरच्या ओठाखाली पोकळी होती, त्यामुळे सगळा चेहरा आत ओढल्यासारखा दिसत होता.

"कुनाला रगात पायजे?" त्यानं विचारलं. "त्येला?"

मी मान हलवली.

"त्येला म्हनावं, आदी माजं दात दे." त्यानं ओठ वर करून दाखवला. पुढचे दोन नव्हते. "स्टँडवर गाठून फोडलं त्यानं. मानसं घिऊन आल्ता. दात गेल्यावर क्लॅरिनेट वाजत न्हाई, ठावं हाय तुला? फुंक निसटती. आता मी झांजा वाजवतोय. माझ्याच बँडमदी, मागल्या रांगंत."

मला हे ठाऊक नव्हतं. घरी हे फक्त 'समजावून आलो' एवढंच म्हणाले होते.

"तुला कुनी धाडलं?" मालननं विचारलं. "आईनं?"

"नाही."

"दादानं?"

"ते शुद्धीत नाहीत. मी माझी आले."

"तर मग जा तुझी तू."

मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसले. रडले नाही. रडून मालनकडून काही मिळत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी म्हणाले, "मीही ओतून घेतलं होतं पाणी तुझ्या नावानं. माझ्यावर काढायचा तेवढा राग काढ. पण मला विधवा करू नकोस."

बराच वेळ ती बटणं चाचपत राहिली. मग कोट बाजूला ठेवला.

"येते. पर एक अट हाय. आईनं मला नावानं हाक मारायची. गावाची पोरं आल्यात म्हन्तीस न्हवं? त्येंच्या म्होरं. माले म्हनायचं. एकदाच."

"मालन!" पोपट ओरडला. "जाशील तर बघ!"

"माजी आई हाय, माजी मी बगते," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. तो मागून लुना घेऊन आलाच.

रक्तपेढीच्या व्हरांड्यात मालन शिरली तशी बाकावरची पोरं उठून उभी राहिली. त्यातल्या दोघांनी लहानपणी तिच्या हातचं खाल्लं होतं. हिंदुरावांनी तोंड फिरवलं. आत्या भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली.

आधी तपासणी. मॅडमनी सुई टोचून थोडं रक्त घेतलं आणि आत गेल्या. मी मनात म्हणत होते, नाही जुळलं तर हे जातील, आणि वर आत्या जन्मभर म्हणेल की त्या बाईला उंबऱ्यात आणलंस म्हणून गेला.

मॅडम जवळजवळ धावतच आल्या. पट्टी पुन्हा उजेडात धरली. यावेळी ती साधी लाल होती, कुंकवाच्या पाण्यासारखी. एकही गठ्ठा नाही.

"जुळलं! अगदी तेच आहे. त्यांच्या रक्तानं यांना परकं मानलंच नाही. चला बाई, आडव्या व्हा."

मालन हलली नाही. ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मला हाक मार."

आत्यानं वर पाहिलं. बारा वर्षांत आत्याचे केस पांढरे झाले होते आणि मालनचे विरळ. दोघींची हनुवटी मात्र एकच, पुढे आलेली, हट्टी. मला वाटलं, आता हाक मारेल. पोटचा पोर आत मरतोय, एका शब्दाचा तर प्रश्न आहे.

"आत्या, मारा की हाक," मी म्हणाले.

आत्यानं बाकावरच्या पोरांकडे पाहिलं. हिंदुरावांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाक जित्त्या मानसाला मारत्यात."

आत्याचा मला इतका राग आयुष्यात आधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. वाटलं, धरून हलवावी आणि विचारावं, कुणाला मारतेस गं तू, एकीला की दोघांना?

मालन हसली. तसलं हसू मी परत कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

"चला मॅडम, घ्या काढून," ती म्हणाली. "मेलेल्याचं चालत आसंल तर."

"मालन, गप घरला चल!" पोपट म्हणाला. "आजून काय ऐकून घ्यायचं ऱ्हायलंय?"

"न्हाई. द्यायचं हाय मला." ती आईकडे बघतच बोलत होती. "वाचला तर रोज माज्या रगतावर चालंल. जेवंल, हागंल, हुंबऱ्यात बसून मिशीला पीळ भरंल, समदं माज्या रगतावर. ह्यापरास मोटी शिक्षा मला तरी सुचत न्हाई."

ती आत गेली आणि दार लागलं.

रक्त गरम करून, पुन्हा एकदा तपासून बाटली यांना लावली तेव्हा उन्हं कलली होती. मॅडम स्वतः कॉटपाशी उभ्या राहिल्या, यांच्या मनगटावर बोटं ठेवून. मी यांच्या पायाशी. तालुक्याला काय झालं होतं ते मी पाहिलं होतं, म्हणून मी दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरून ठेवले होते. थेंब पडत होते. आता उडतील, आता ओरडतील. ते उडले नाहीत. ज्या अंगानं गावच्या एकूणएक पोराला हाकलून लावलं होतं, ते अंग गप पडून राहिलं. हळूहळू पाय कोमट झाले. ओठांवर जरा रंग आला. यांनी डोळे किलकिले करून पाणी मागितलं.

आत्या दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती आत आली नाही. तिची नजर लेकाच्या तोंडावर नव्हती, बाटलीवर होती. एकेक थेंब बघत होती. मग तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, दाताखाली खडा आल्यासारखं, आणि ती एकदम वळून व्हरांड्यातून चालायला लागली. चालायला कसली, पळायलाच. मी मागोमाग गेले.

"कुठं हाय ती?" तिनं बाकावरच्या पोरांना विचारलं. "आरं, गेली का? कुठं गेली?"

एका पोरानं अंगणाकडे बोट दाखवलं.

"माले!" आत्यानं हाक मारली. व्हरांड्यातूनच, अंगण दिसायच्या आधीच. अख्खा दवाखाना वळून बघेल अशी, शेतातून पोरीला जेवायला बोलावतात तशी. "ए माले! माले गं!"

अंगणात पेशंटच्या नातेवाइकांसाठी नळ होता. तिथे बायका भांडी घासत होत्या, त्या हात थांबवून बघत होत्या. मालन नळाखाली बसली होती. पुढ्यात कुणाची तरी मागून घेतलेली बादली आणि तांब्या. दंडावर अजून चिकटपट्टी होती. तिचा तांब्याचा हात वर गेलेला होता. हाक तिला ऐकू गेली, कारण हात क्षणभर थांबला. मग तिनं तांब्या डोक्यावर उपडा केला.

मी धावत गेले. "मालन, काय करतेस हे? आत्ताच रक्त दिलंयस, चक्कर येऊन पडशील."

"आंगुळ करते."

"कसली आंघोळ?"

"आई वारली माजी," मालन म्हणाली. तिनं दुसरा तांब्या भरून घेतला. "मगाशीच. त्या बाकापाशी."

आत्या पायऱ्यांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मालननं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिसरा तांब्या ओतून झाल्यावर उठली, पदर पिळला, बादली ज्या बाईची होती तिला नीट परत केली आणि फाटकाकडे चालू लागली. पोपटनं लुना सुरू केली. लाल कोटाची शिवण टाकणारी ती बाई, साडीतून पाणी गळत असलेली, त्याच्या मागे बसली आणि रस्त्याच्या गर्दीत दिसेनाशी झाली. त्यानंतर आमच्यापैकी कुणाला ती भेटली नाही. यांना मी पुढं सगळं सांगितलं, दातांचंही विचारलं. यांनी भिंतीकडे कूस बदलली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आत्यानं माझा दंड धरला.

"सुभे, पळ. गाठ तिला," ती म्हणाली. "डोस्कं पुस म्हनावं. वल्ल्या केसानं वाऱ्यात गेली की तिला लगीच धाप लागती. ल्हानपनापास्नं हाय तिला. पळ गं."

मी तिचा हात दंडावरून काढला.

"मेलेल्याला कसली धाप, आत्या?" मी म्हणाले, आणि आत यांच्या कॉटकडे गेले.